नळीतला बोळा

चंपतराव लांजेवारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या छातीवर पितळी परात बांधलेली होती आणि त्यांचं सगळं घर जमिनीवर पालथं पडलेलं होतं.

यात अतिशयोक्ती असलीच तर ती परातीच्या आकारात असेल. मला ती त्या दिवशी गावजेवणाची कणीक मळायच्या परातीएवढी दिसली. नागपूरला धरमपेठेत त्यांच्या शेजारच्या घरात मी नुकताच राहायला आलो होतो आणि विरजणाला चमचाभर दही मागायला गेलो होतो. दार उघडंच होतं. आत सुभद्रावहिनी पोटावर पडून ताटातले तांदूळ निवडत होत्या. त्यांची मुलगी चारुशीला पोटावर पडून कॉलेजचं पुस्तक वाचत होती. घरचा कुत्राही पोटावर पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून हे नेहमीचंच असावं असं वाटत होतं. उभे होते ते एकटे चंपतराव. टेबलाशी, परातीच्या आड, एखाद्या जिवंत नागाचं औक्षण करायची पाळी आल्यासारखे.

"आडवे व्हा, भाऊ," मान न वळवता ते म्हणाले. "साफसफाई सुरू आहे."

त्या आवाजात असं काही होतं की मी वाटीसकट आडवा झालो.

"दही पाहिजे असेल तर जाळीच्या कपाटात आहे," माझ्या वाटीकडे पाहून वहिनी म्हणाल्या. "पण उठू नका. सरपटत जा."

जमिनीवरून मला टेबलाची कड दिसत होती. वर्तमानपत्रावर एक पिस्तूल सुटं करून मांडलेलं होतं. नळी एकीकडे, तिच्यावर मागेपुढे सरकणारी स्लाइड दुसरीकडे, गोळ्या भरायचं मॅगझिन तिसरीकडे. मॅगझिन रिकामं होतं. काडतुसं पलीकडच्या खोलीत कुलपात होती आणि त्या कुलपाची किल्ली तुळशीच्या कुंडीत पुरलेली होती, हे मला नंतर कळलं.

"सुटंच आहे ना ते?" मी जमिनीवरून विचारलं.

"सुटं आहे म्हणून तुम्ही घरात आहात," चंपतराव म्हणाले. "जोडलेलं असतं तर सगळ्यांले अंगणात काढलं असतं मी."

सुटं पिस्तूल गोळी झाडत नाही हे त्यांना कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांच्या मधोमध परात होती.

चंपतरावांची लकडगंजात लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. टालीत करवतीचं यंत्र होतं, त्याला तिथं आरा म्हणतात. त्या आऱ्यापासून ते कायम इतके दूर बसत की गिऱ्हाइकांना ते शेजारच्या टालीचे मालक वाटत. दिव्याचं बटण ते लाकडी खडावा घालून दाबत. स्कूटर त्यांनी घेतली होती, पण ती शिकायला लागली असती म्हणून झाकून ठेवली होती. असा हा मनुष्य. आणि अख्ख्या धरमपेठेत पिस्तुलाचा परवाना होता तो याच्या नावावर.

पिस्तूल त्यांच्या वडिलांचं, मारोतरावांचं. पॉइंट टू-टूचं, परदेशी बनावटीचं, कागदी लक्ष्यावर नेम मारायचं. माणूस मारायला नव्हे; मारोतरावांनी त्यानं आयुष्यभर कागदच मारले आणि कप मिळवले. ते वारले तेव्हा पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून मोकळं व्हावं, असं चंपतरावांनी मनाशी ठरवलं होतं. पण आजोबांचा हात नातीत उतरला होता. मारोतरावांनी चारुशीलाला शाळेत असल्यापासून नेम शिकवला होता. ती त्या पिस्तुलाशिवाय राहिली नसती, आणि चंपतराव तिच्याशिवाय. परवाना बापाच्या नावावर आला. त्यामुळे पिस्तूल जिथं जाईल तिथं बापाला जावं लागे. दर रविवारी तिचा नेमबाजीच्या मैदानावर सराव चाले आणि हे दोरीच्या मागं, शेवटच्या खुर्चीवर, लक्ष्यांकडे पाठ करून बसत. प्रत्येक बाराला त्यांचा खांदा उडे. पोरीच्या गोळ्या मोजायला त्यांचा खांदा पुरेसा होता.

हसायला मीही पुढं होतो. कवडूची गोष्ट कळेपर्यंत.

काटोलला लांजेवारांची संत्र्याची बाग होती. कवडू तिथला राखणदार. माकडं हाकलायला त्याच्याकडे एक जुनी काडतुसांची बंदूक होती. एका पावसाळ्यात ती झोपडीत नुसती टांगून राहिली आणि कुंभारमाशीनं तिच्या नळीत मातीचं घर केलं. आश्विनात माकडं आली. कवडूनं बंदूक भरली आणि चाप ओढला. चंपतराव तेव्हा लहान होते, टोपली घेऊन चार झाडं पलीकडे उभे होते. नळी केळं सोलावं तशी सोलली गेली. धूर विरला तेव्हा कवडू जमिनीवर बसून आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता. दोन बोटं नव्हती. तो ओरडला नाही. धावत आलेल्या मारोतरावांना तो एवढंच म्हणाला, "मालक, नळीत काहीतरी होतं जी."

दर मोसमात कवडू संत्र्यांचं पोतं घेऊन बसनं नागपूरला येई. पोतं उतरवून दोन्ही हातांनी नमस्कार करी. चंपतराव तो नमस्कार भिंतीकडे पाहत घेत.

म्हणून ती साफसफाई. इतकं स्वच्छ पिस्तूल दुसऱ्या कुणाचंच नव्हतं, कारण इतकं भिऊन दुसरं कुणी साफ करत नव्हतं. मॅगझिन काढायचं. स्लाइड मागं ओढायची. गोळीचं घर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं. डोळे फसवतात म्हणून करंगळी घालून पाहायचं. मग वहिनींना बोलावून दाखवायचं.

"दिसते का काही?"

"नाही."

"नीट पाय."

"अहो, काल काही नव्हतं, परवा काही नव्हतं, आज काहून असेल?"

"कवडूले बी असंच वाटलं होतं वं."

यावर वहिनी पुन्हा वाकून पाहत.

मग नळी. पितळी सळईच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी. सळई मागून घालायची आणि पुढून काढायची. या बारक्या गोळ्या शिशाच्या, वर मेणाचा हात दिलेल्या. त्यांचा मळ नळीत काजळीसारखा बसतो. पहिली चिंधी काळी येई, मग राखाडी, मग मळकी. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत धोतर फाटत राही. शेवटी शिवणयंत्राचं तेल, काडीच्या टोकावर घेऊन एक थेंब, आणि तोही लगेच पुसून टाकायचा.

"तेल जास्त झालं का धूळ धरते," ते मला समजावत. "धूळ धरली का गोळी घरात नीट बसत नाही. नीट बसली नाही का..."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधीही पुरं केलं नाही.

एकदा मी गंमत म्हणून रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चिंध्यांचं गाठोडं फेकून मारलं. या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो म्हणे. त्यामुळे आतला खिळा कडेवर आपटतो, आणि काडतूस नसलं तर तो नळीच्याच काठावर आपटून तिथं खाच पाडतो. मला वाटलं होतं, रिकामं पिस्तूल तरी यांना भिववत नसेल. ते त्यांना जास्तच भिववत होतं.

सगळं झालं की खिडकीशी पांढरा कागद धरून ते नळीतून पाहत. आतल्या पिळाच्या रेघा लखलखल्या की हळूच परातीची गाठ सोडत. परात सुटली की घर उठे.

आता खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर बसतात. लांजेवारांच्या पाटावर आऱ्याचं जुनं पातं, विळी, अडकित्ता, कात्री, आणि मध्ये झेंडूची माळ घातलेलं पिस्तूल असे. वहिनी मनापासून पूजा करत, आणि मनापासून अक्षता टाकत. इथं चंपतरावांचा जीव जाई.

"एक तांदूळ," ते म्हणत. "नळीत एक तांदूळ गेला तरी पुरे आहे."

"देवीच्या अक्षतांले तुम्ही कचरा समजून राहिले का?"

"मी अक्षतांले काही म्हणत नाही वं. मी नळीबद्दल बोलून राहिलो."

यावर त्यांनी तोड काढली होती. अष्टमीला पिस्तूल साफ करून ते नळीच्या तोंडाशी तेलाचा हात लावलेला कापसाचा बारीक बोळा बसवत. अक्षता आत जाऊ नयेत, माशी आत जाऊ नये. दसऱ्याला संध्याकाळी बोळा काढून जाकिटाच्या खिशात ठेवत, आणि चारुशीलाची पुढची पहिली गोळी सुखरूप सुटली की मगच तो फेकत. बोळा खिशात म्हणजे नळी मोकळी, असा त्यांचा हिशेब होता.

अठ्ठ्याहत्तर सालचा दसरा. दुसऱ्याच दिवशी सकाळी मैदानावर मुलींच्या राज्य संघाची निवड होती. चारुशीला वर्षभर त्यासाठी खपली होती. पिस्तूल आदल्या रात्रीच साफ करून ठेवावं असं चंपतरावांच्या मनात होतं, पण वहिनींचा नियम होता की पूजेतलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटायला लागेपर्यंत पाटावरून हलवायचं नाही. सोनं वाटायला लागलं, आणि लोक यायला लागले. चंपतराव परात बांधून पिस्तुलावरचं हळदकुंकू पुसायला बसत, तोवर कोणी आपट्याची पानं घेऊन दारात उभा. उठायचं, पान घ्यायचं, गळाभेट घ्यायची. लकडगंजातले व्यापारी गळाभेट जोरात घेतात. परातीवर आदळून प्रत्येकाच्या तोंडून वेगळा आवाज येत होता. माझ्याही आला. या धामधुमीत त्यांनी पिस्तूल पुसलं, जोडलं, पेटीत ठेवलं आणि झोपायला गेले.

सकाळी मैदानावर ते मला मुद्दाम घेऊन गेले. कोणीतरी शेजारी असावं म्हणून. आज ते पाठ करून बसले नाहीत. पोरीचा दिवस होता.

दोरीच्या पुढं मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या. चारुशीला तिसरी. लाल झेंडा चढला. पंच होते मनोहरराव, लष्करातून निवृत्त झालेले, आवाजाला धार असलेले. त्यांनी नियम सांगितले: आता दोरीच्या मागं कोणी बोलायचं नाही, दोरी ओलांडायची नाही. चंपतरावांनी माझ्याहीपेक्षा जास्त मान हलवली. दोरी ओलांडायची त्यांना हौस नव्हती.

मग सवयीनं त्यांनी जाकिटाच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात आपट्याचं एक चुरगळलेलं पान होतं.

त्यांनी दुसरा खिसा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात, ते मी त्या दिवशी वरून खाली उतरताना पाहिलं.

"भाऊ," ते कुजबुजले, "बोळा नाही."

"पडला असेल कुठंतरी."

"मी काढलाच नाही. काढला असता तर इथं असता."

"नळीच्या तोंडाशी असता तर कोणाला तरी दिसला असता की."

"तोंडाशी नाही. आत गेला. हिनं कुंकू लावताना बोट दाबलं असेल. आत गेला तो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कापसाचा बोळा अडकलेल्या नळीत गोळी सुटली तर काय होईल, मला माहीत नव्हतं. पण कवडूचा नमस्कार मी पाहिला होता. माझी नजर चारुशीलाच्या हातावर गेली. सडपातळ, शाईचे डाग असलेला हात. पाच बोटं.

"भरा," मनोहरराव म्हणाले.

ओळीनं मॅगझिन बसल्याचे खटके ऐकू आले. चंपतरावांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मीही उघडलं, माझाही निघाला नाही. चारुशीलानं स्लाइड सोडली. पिस्तूल आता भरलेलं होतं. तिनं डावा हात कमरेवर ठेवला, श्वास घेतला, आणि उजवा हात हळूहळू वर यायला लागला.

चंपतराव उठले. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली आणि मग पडली. दिव्याचं बटण खडावा घालून दाबणारा हा माणूस दोरीखालून वाकून पलीकडे गेला, भरलेल्या पिस्तुलांच्या ओळीतून चालत लेकीपाशी पोचला, आणि त्यानं तिच्या हातावर आपला हात ठेवला. नुसता धरला नाही. तिची पाचही बोटं आपल्या बोटांखाली झाकून घेतली, आणि नळी जमिनीकडे वळवली.

"चारू, चापावरलं बोट काढ," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम सापडला. "आडवे व्हा."

मोठ्यानं नव्हे. पण सगळे झाले. मुलींनी पिस्तुलं समोर ठेवली आणि आडव्या झाल्या. आईबाप झाले, मी झालो. मनोहरराव अख्खं लष्कर पाहून आलेले. तेही इस्त्रीच्या पँटीसकट धुळीत पालथे झाले. उभे राहिले फक्त बाप आणि लेक. परात घरी खुंटीला होती.

"लांजेवार," धुळीतून मनोहरराव म्हणाले, "काय आहे?"

"नळीत काहीतरी आहे जी," चंपतराव म्हणाले.

मनोहरराव उठले. पिस्तूल त्यांनी स्वतःच्या हातानं रिकामं केलं, नळी काढली आणि कोऱ्या लक्ष्याच्या कागदासमोर धरली. एक डोळा मिटून पाहिलं. उलटी करून पाहिलं. मग ती चंपतरावांच्या हातात दिली. चंपतराव कितीतरी वेळ पाहत राहिले. आत पिळाच्या रेघा लखलखत होत्या, बाकी काही नव्हतं.

"बाबा," चारुशीला म्हणाली, "सकाळी मी सळई घालून पाहिली होती."

"कधी?"

"तुम्ही आंघोळीले गेले तेव्हा. तुमच्यानंतर मी रोजच पाहते."

"म्हणजे माझ्यावर भरोसा नाही तुले?"

"तुम्हीच सांगितलं ना, नळीच्या बाबतीत बापावर बी भरोसा ठेवू नको म्हणून."

ती रागावली नव्हती. चंपतरावांचा एक हात अजून तिच्या हातावर होता. आपण अजून उभे आहोत हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं. मी आणि आणखी एक गृहस्थ, दोघांनी मिळून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. तिथून पुढं ते लक्ष्यांकडे पाठ करूनच बसले.

नियम तो नियम. बाहेरच्या माणसानं अडथळा आणला म्हणून मनोहररावांनी चारुशीलाचे दोन गुण कापले आणि सामना पहिल्यापासून सुरू केला. बार सुरू झाले. चंपतरावांचा खांदा उडत राहिला.

घरी गेल्या गेल्या त्यांनी बोळ्याची चौकशी केली.

"तो बोळा होता का?" सुभद्रावहिनी म्हणाल्या. "मले वाटलं तुम्ही यंदा पिस्तुलापुढं फुलवात ठेवली. नवमीलेच निरांजनात लावला मी. छान जळला, तेल होतं त्याले."

चंपतराव पाटावर बसले. आपल्यापायी पोरीचे दोन गुण गेले, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. सोमवारपर्यंत ते धड जेवले नाहीत. वहिनींनी पुरणाचं केलं तरी ताटावरून उठले. चारुशीलानं दोनदा समजावलं, "दोन गुणांनी का होते बाबा." ते म्हणाले, "दोन बोटांनी का होते, ते कवडूले विचार." मीही समजवायला गेलो होतो. त्यांनी मला आडवं व्हायलाही सांगितलं नाही, इतका माणूस खचला होता.

सोमवारी निकाल लागला. चौघींची निवड झाली. चारुशीला नववी आली. चौथ्या मुलीपेक्षा तिचे एकोणीस गुण कमी होते. पुढच्या वर्षी तिला वर्ध्याला शाळेत नोकरी लागली, आणि चंपतरावांनी पिस्तूल विकून कूलर घेतला.